कच्चा लाल

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. दरवर्षी गणपतीपुढे हात जोडून उभा राहिलो की आठवते — आणि दरवर्षी मी घाईघाईने ‘सगळ्यांना सुखी ठेव’ म्हणून बाजूला होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. बसा. पण एक आधीच बजावून ठेवतो — मध्येच ‘अहो, होतं असं माणसाच्या हातून’ असलं काही म्हणायचं नाही. ते वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

होतं म्हणजे काय? जिन्यात पाय घसरतो, ते होतं. मी केलंय. पूर्ण शुद्धीत, दुपारचा डबा खाऊन, हात धुऊन केलंय.

वसईच्या पूर्वेला, कारखान्यांच्या पट्ट्यात, कापड रंगवायच्या एका कारखान्यात मी केमिस्ट होतो. केमिस्ट म्हटलं की लोकांना औषधाचं दुकान वाटतं. मी सांडपाण्याचा केमिस्ट. कापड रंगवून झालं की उरलेलं पाणी आमच्याकडच्या टाक्यांत यायचं, आणि ते नाल्यात सोडायच्या आधी धुऊन काढायचं काम माझं. हो, पाणीच धुवायचं. हसू नका. आख्खी वसई तेव्हा टँकरची वाट बघत बादल्या मांडून बसायची आणि मी पाणी धूत बसायचो.

धुवायची रीत अशी — आधी आम्ल, मग हिराकस, मग पेरॉक्साइड. रंगाची, साबणाची, खळीची जी घाण पाण्यात विरघळलेली असते, तिला हे मिश्रण पाण्यातल्या पाण्यात जाळतं. धूर नाही, ज्वाळा नाही, नुसता फेस. मग चुना टाकायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी सोडायचं. चार-पाच तासांचं काम. आणि घाण खरंच जळली का, हे नुसतं बघून कळत नाही. त्याची परीक्षा असते. नमुना दोन तास आम्लात उकळायचा, थंड करायचा, त्यात सूचकाचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि वरून काचेच्या नळीतून एकेक थेंब द्रावण सोडत जायचं. पाणी हिरवट-निळं असतं — आणि एका थेंबाला एकदम विटकरी लाल होतं. तिथे हात थांबायला हवा. थेंब जास्त गेले, तर आकडा कमी येतो, म्हणजे पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता... हं.

मला लाल आणि हिरवा कळत नाही.

सांगून टाकलं. तुम्ही म्हणाल, एवढंच? नाही हो, एवढंच असतं तर काय पाहिजे होतं! ही तर नुसती पायरी. पण ही पायरी चढायलाच मला चाळीस वर्षं लागली. कॉलेजात शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं बघून मी प्रॅक्टिकल मारून नेली. मग रेल्वेत केमिस्टची जागा निघाली, लेखी पास झालो, मेडिकलला त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. ठिपक्यांत आकडे होते म्हणे. मला नुसते ठिपके. घरी येऊन सांगितलं, वशिला कमी पडला. वडील मरेपर्यंत त्या वशिल्याला शिव्या देत होते. मी त्यांना देऊ दिल्या. खाजगी कारखान्यात असलं पुस्तक कोण धरतो? रंगाच्या कारखान्यात रंगआंधळा केमिस्ट — कुणी नाटकात घातलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

पहिली दोन वर्षं मी ती परीक्षा एकट्याने केली, अंदाजपंचे. भीतीपोटी दोन-चार थेंब जास्तच सोडायचो — एव्हाना लाल झालंच असेल, या हिशेबाने. त्यामुळे आकडे छान खाली यायचे. शेठ खूश. पाणीही तेव्हा बरंच चांगलं असायचं, कारण हिराकस-पेरॉक्साइडचं काम मी मन लावून करायचो. ते मला येत होतं. मी कामात वाईट नव्हतो, हे जाता जाता सांगितलं पाहिजे. बघा, अजून माझी खोड जात नाही.

मग फिलोमिनाबाई आल्या.

वसईजवळच्या गिरीज गावच्या. घरची वाडी — केळी, नारळ, थोडा भाजीपाला. बारावी सायन्स करून लग्न झालेलं, मुलं शाळेत जायला लागल्यावर नोकरीला निघालेल्या, वय पस्तिशीच्या पुढे. लॅब असिस्टंट म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी स्वतः शिवलेला पांढरा कोट घालून आल्या. खिशावर निळ्या दोऱ्याने स्वतःचं नाव भरलेलं. आमच्या त्या कळकट लॅबमध्ये कोट कुणी घालत नसे, मीसुद्धा नाही. मी म्हणालो, काय बाई, ऑपरेशन आहे का? त्या हसल्या, पण कोट काही काढला नाही. त्यांना त्या कोटाचं फार होतं. मला कळत होतं ते. म्हणूनच बोललो होतो.

त्यांना माझं बिंग कळायला तीन आठवडे लागले. मी नळीखाली चंचुपात्र धरून उभा होतो, थेंब सोडत होतो, आणि त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मी सोडतोय, सोडतोय. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पात्राकडे. दुसऱ्या दिवशी मी थेंब सोडायला लागलो तेव्हा त्या पाठमोऱ्या बाटल्या पुसत होत्या. आणि बरोबर एका थेंबाला, मान न वळवता — समोरच्या काचेत दिसत होतं त्यांना — हळूच म्हणाल्या, “झालं.”

बस्स. त्या दिवसापासून रोज. “झालं.” मी हात थांबवायचो. कधी विचारलं नाही, कधी सुचवलं नाही, डोळ्याला डोळा दिला नाही. जणू स्वतःशीच म्हणताहेत, बाटली पुसून झाली, असं. लॅबमधल्या सगळ्या बाटल्यांवर त्यांनी मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या डकवल्या. वाडीवरची वेलची केळी आणायच्या, तर दोन पुड्या वेगळ्या बांधून — “सर, ही आज खा, ही परवा.” का दोन पुड्या? कारण पिकलेलं केळं आणि हिरवं केळं मला सारखंच दिसतं, हे त्यांनी ताडलं होतं. एवढी समज! एवढी माया! दुसरा कुणी असता तर पाया पडला असता.

मला राग आला. खरंच सांगतो, ती केळी हातात घेऊन मला असा राग आला की दातावर दात बसले. इतकी वर्षं जे मी आईबापांपासून, बायकोपासून लपवलं ते या बाईने तीन आठवड्यांत हेरलं — आणि वर माझी कीव करते? कोण ही? बारावी पास! पुड्यांची केळी मी कारखान्याच्या कुत्र्याला घातली. त्यानेही खाल्ली नाहीत.

पण “झालं” मात्र मी चार वर्षं वापरलं. राग असून वापरलं.

मग कारखान्यात मशिनं वाढली, पाणी दुप्पट झालं. टाक्या तेवढ्याच. चार-पाच तास पाणी अडवून ठेवायला जागाच उरेना. शेठ म्हणाले, “केमिस्टसाहब, कुछ करो, प्रॉडक्शन थांबवू काय?” आणि मी केलं. आम्ल नाही, हिराकस नाही, पेरॉक्साइड नाही. सरळ ब्लीचिंग पावडर. अर्ध्या तासात पाणी पांढरं स्वच्छ. रंग उडाला, पण घाण जागच्या जागी. वर ब्लीचिंगचं स्वतःचं विष आणखी. पण काचेच्या ग्लासात धरलं तर आरपार दिसायचं. शेठने ग्लास उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “जादूगार आहात तुम्ही.” मला ते आवडलं. वडिलांनी मला कधी काही म्हटलं नव्हतं.

परीक्षेत मात्र आकडे चढले. अहो, चढणारच! बाईंचं “झालं” आता फार लवकर यायला लागलं — थेंब कमी, आकडा मोठा. त्या रजिस्टरात तोच लिहायच्या. मी म्हणालो, जरा आणखी दोन थेंब जाऊ देत जा. त्या म्हणाल्या, “सर, होतं तिथंच होतं ना.” मग मी रजिस्टराला हात लावणं सोडलं आणि महिन्याच्या रिपोर्टात माझ्या मनाचे आकडे टाकायला लागलो. रजिस्टर लॅबच्या फळीवर, रिपोर्ट शेठच्या कपाटात. दोन्ही एकमेकांना भेटायचे नाहीत. छान चाललं होतं.

नाल्याच्या खालच्या अंगाला, मिठागरांकडे एक माणूस डोलीचं जाळं लावायचा, कोळंबीसाठी. तो एक दिवस गेटवर आला. “साहेब, पानी सफेद झालं, पन कोलबी येत नाय.” मी त्याच्यापुढे ग्लास धरला. हे बघ, तुझ्या विहिरीचं असतं का असं? तो ग्लासाकडे बघत राहिला. गरीब माणसाला स्वच्छ ग्लास दाखवला की त्याची बोलती बंद होते. मी म्हणालो, कोळंबी माझ्या परवानगीने येते का रे? गेटवरचे हसले. तो गेला नाही, तिथेच उकिडवा बसून राहिला. शेठची गाडी आली तेव्हा आडवा झाला. आणि बाई — तो बसला होता तेव्हा बाईंनी त्याला चहा नेऊन दिला होता, आणि त्याने विचारलं म्हणून सांगितलं होतं की आकडा जास्त येतोय. खोटं कसं सांगायचं, त्यांना ते येतच नव्हतं.

त्याने ते तसंच शेठच्या कानावर घातलं. शेठने रजिस्टर मागवलं. रिपोर्ट शेजारी ठेवला. दोन्ही उघडे. “ये क्या है? दोनांत खरा कुठला?”

दुपारचे दोन-अडीच वाजले होते. मी नुकताच डबा खाऊन हात धुतला होता. मला आठवतं, हाताला मेथीच्या भाजीचा वास होता. माझ्या हातात एक मिनिट होतं. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? शेठ ओरडले असते. एखादी टाकी वाढवली असती. फार तर दुसरी नोकरी शोधली असती मी. हे सगळं मला त्या मिनिटात दिसत होतं, तुम्हाला आत्ता दिसतंय तितकंच स्पष्ट. भीतीने जीभ वळली असं म्हणू नका. जीभ अगदी मोकळी होती.

मी म्हणालो, “रिपोर्ट खरा. रजिस्टर बाईंनी लिहिलंय. बाईंना रंग कळत नाहीत, शेठ. मी सांभाळून घेत होतो.”

ऐकलंत ना? सांभाळून घेत होतो, म्हणालो. तिच्या चार वर्षांच्या चांगुलपणाचं वाक्य मी उचललं आणि अंगावर घातलं.

बाई दारातच उभ्या होत्या, दुसरं रजिस्टर हातात घेऊन. शेठ म्हणाले, माझ्यासमोर करून दाखवा. केलं. सकाळचा उकळून ठेवलेला नमुना तयारच होता. मी नळी उघडली. थेंब, थेंब, थेंब. आणि बाई — इतक्या वर्षांची सवय की मला दिलेली शेवटची संधी, देव जाणे — हळूच म्हणाल्या, “झालं.”

मी सोडत राहिलो.

शेठ पुढे वाकले. शेठ काही आंधळे नव्हते. म्हणाले, “लाल तो हो गया ना?” आणि तेव्हा मला शब्द सुचला. आयुष्यात मला एवढा चांगला शब्द पुन्हा सुचला नाही. मी म्हणालो, “हा कच्चा लाल आहे, शेठ. पक्का यायचाय अजून.”

कच्चा रंग, पक्का रंग. कापडवाल्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. कच्चा रंग पहिल्या धुण्यात जातो, पक्का राहतो. शेठचा सगळा जन्म त्यात गेलेला. त्यांनी लगेच मान डोलावली. “हां, हां, कच्चा.” त्या परीक्षेत कच्चा लाल नावाचं काही नसतं. एक थेंब — आणि लाल, संपलं. हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. मी आणखी बरेच थेंब सोडले, मग थाटात नळी बंद केली. आकडा रिपोर्टाला जुळला. जुळणारच होता.

आता तुम्हीच सांगा, बाईंनी काय करायला हवं होतं? एक वाक्य पुरे होतं. ‘शेठ, सरांच्या हातात एक हिरवी नि एक लाल चिंधी द्या.’ एवढंच. मी घामाने भिजून त्या वाक्याची वाट बघत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं. आणि त्या बोलल्या नाहीत.

का नाही बोलल्या? मी वीस वर्षं हे घोकतोय. दुसऱ्याचं व्यंग चारचौघांत काढू नये, असं कुणीतरी शिकवलं असेल. असं शिकवलेली माणसं असतात, आणि माझ्यासारख्यांना ती बरोबर सापडतात.

महिन्याची नोटीस मिळाली. तो महिना त्या रोज आल्या. कोट घालून आल्या! आणि बातमी खाली रंगाच्या खात्यात पोचली होती. पोचवणारा मीच, आणखी कोण. माणसं येता-जाता रंगाची चिंधी पुढे धरायला लागली — “मॅडम, ये कौन सा कलर?” त्या सांगायच्या. शांतपणे. जांभळा. पोपटी. मरून. बरोबरच सांगत असणार, पण बरोबर सांगितलं तरी माणसं खदाखदा हसायची. हसायचं ठरलं की बरोबर-चूक कोण बघतो?

एक दिवस मी तिथेच होतो. कापड रंगवायच्या जिगर मशिनवरच्या एकाने चिंधी धरली, बाई काही बोलायच्या आत तो माझ्याकडे वळला. “साब, आप ही बताओ मॅडम को.” चिंधी माझ्या नाकासमोर. दहा-बारा माणसं. मला ती चिंधी मातकट दिसत होती. हिरवी असेल, तपकिरी असेल, लालही असेल. एक क्षण, दोन क्षण — माणसांचं हसू थोडं थांबलं, आणि तो माझ्या तोंडाकडे जरा निरखून बघायला लागला.

“विटकरी,” बाई म्हणाल्या. मागून. हळूच. ‘झालं’ म्हणायच्या त्याच आवाजात.

त्यांनी मला वाचवलं होतं. नोकरी गेलेली, नाव गेलेलं, रोज चिंध्या नाकाशी धरल्या जाताहेत — आणि तरी बाई मला वाचवत होती. कळतंय तुम्हाला? आणि मी काय केलं?

मी म्हणालो, “चूक!”

मोठ्याने. हसत. त्या चिंधीवाल्याने एकदा चिंधीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याला वाटलं साहेब मजा करताहेत. मग तोही हसला, सगळेच हसले. मी सर्वांत जास्त हसलो. त्या चिंधीचा रंग मी आजही बघून सांगू शकत नाही. विटकरीच असणार. बाईंनी सांगितलं होतं ना.

वाटलं तरी काय मला? लाज? नाही हो. त्या वेळी मला मोकळं वाटलं. आता ही बाई माझं काही वाकडं करू शकत नाही, हिने उद्या बोंब मारली तरी लोक म्हणतील, आंधळीच दुसऱ्याला आंधळा म्हणतेय. घरी गेलो तेव्हा मला भूक लागली होती. पोटभर जेवलो.

शेवटच्या दिवशी त्या कोट खुंटीवर ठेवून गेल्या. विसरल्या की मुद्दाम ठेवला, कोण जाणे. मी तो झाडूवाल्या बाईला फरशी पुसायला दिला. खिशावरचं नाव बरेच महिने बादलीत दिसायचं. निळा रंग मला दिसतो. नीट दिसतो.

तुम्हाला वाटेल, आता संपलं. मलाही तसंच वाटायचं — इथवर मी स्वतःशी कबूल करत आलोय, अधूनमधून. याच्या पुढचं मात्र स्वतःशीसुद्धा नाही.

सहा-सात महिन्यांनी लॅबमध्ये फोन आला. वसईच्या एका शाळेतून, सिस्टर बोलत होत्या. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस हवी होती, फिलोमिनाबाईंनी अर्ज केला होता, आमच्याकडच्या कामाचा उल्लेख होता. बाई कशा आहेत, एवढंच विचारायचं होतं त्यांना. लॅबमध्ये मी एकटा. शेठ नाहीत, रजिस्टर नाही, समोर चिंधी नाही. ‘चांगल्या आहेत’ — एवढे दोन शब्द. त्यात माझं काय जात होतं? काही जात नव्हतं. शाळेच्या मुलांना तिने काय शिकवलं असतं, थेंब कुठे थांबवायचा तेच ना?

मी म्हणालो, “बाई अतिशय प्रामाणिक आहेत, सिस्टर. पण त्यांना रंग ओळखता येत नाहीत. मुलांच्या हातात ॲसिड असतं, म्हणून सांगितलं हो.” सिस्टरांनी माझे आभार मानले. देव तुमचं भलं करो, म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि नळीत द्रावण भरायला लागलो. थरथर नाही, काही नाही.

बाई दर महिन्याला चर्चमध्ये जाऊन फादरपुढे आपल्या चुका सांगायच्या. कुमसार म्हणायच्या त्याला. एकदा त्या कुमसाराला जायचं म्हणून लवकर निघाल्या, तेव्हा मी चेष्टेने विचारलं होतं, तुम्हाला सांगायला असतं तरी काय बाई? त्या म्हणाल्या होत्या, “असतं की सर, रोजचं थोडं थोडं.” आता कधी कधी वाटतं, माझ्याबद्दल त्यांनी तिथे काय सांगितलं असेल? बहुतेक काहीच नाही. तिथे स्वतःचं सांगायचं असतं.

कारखाना पुढे बंद झाला. नाला अजून आहे. जाळं लावणारा माणूस नंतर कधी दिसला नाही, मीही विचारलं नाही. माझा फंड मिळाला, मुलीचं लग्न झालं. सगळं ठीक झालं माझं. अगदी ठीक.

आणि मग एका थंडीत, बायकोबरोबर वसईच्या बाजारात गेलो होतो. बायको पुढे सुक्या मासळीकडे गेली आणि मला म्हणाली, तेवढे टोमॅटो घ्या. वाडीवाल्या बायका ओळीने बसलेल्या. मी एका पाटीसमोर उकिडवा बसलो आणि मान खाली घालून टोमॅटो उचलायला लागलो. टोमॅटो मी दाबून घेतो. नेहमीच. थंडीतले टोमॅटो मात्र सगळेच टणक लागतात. पाच-सहा तागडीत ठेवले. समोरून एक हात आला. त्या हाताने माझ्या तागडीतले तीन उचलून परत पाटीत ठेवले, दुसरे तीन निवडले, ठेवले. मग एक आणखी बदलला. काही न बोलता.

मी वर पाहिलं. केस पांढरे झालेले. चष्मा नव्हता. नजर चांगली होती त्यांची, पहिल्यापासूनच.

वजन झालं. माझ्या पिशवीत ओतलं. आणि त्या म्हणाल्या —

तुम्ही ओळखलंच असेल काय म्हणाल्या. आवाज तोच, हळू.

बायको तेवढ्यात मागे येऊन उभी राहिली होती. माझं तोंड बघून तिने विचारलं, “का हो, ओळखीच्या का?” फिलोमिनाबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. वाट बघितल्यासारख्या, शेठसमोर बघत होत्या तशा.

“नाही,” मी म्हणालो. “आपलं असंच.”

त्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगितला. आम्ही रिक्षा केली. घरी येऊन बायकोने पिशवी ओट्यावर रिकामी केली, टोमॅटो धुतले, परातीत मांडले. मी पलीकडे पेपर उघडून बसलो होतो.

“बाई चांगली होती हो,” ती आतून म्हणाली. “एकसुद्धा कच्चा नाही दिला.”